लेरिचीतली सातम

श्रावण लागला होता, पण आभाळ नुसतं लोंबत राहिलं होतं. पडायचं नाव नाही, सरायचं नाव नाही. बडोद्याच्या तरसालीतल्या त्या बैठ्या घरांच्या सोसायटीत पहाटेपासूनच उकाड्यानं जीव हैराण. वळणीवरची लुगडी दोन दिवस झाले तरी ओलसर ती ओलसरच. मंदाकिनी खानविलकर मात्र दिवा लावून कधीचीच ओट्याशी उभी होती. मेथीचे थेपले तव्यावरून उतरत होते, सुपात गार होत होते आणि मग पांढऱ्या फडक्यात गुंडाळले जात होते. बाजूला हळद, तिखट, धणेजिऱ्याच्या पिशव्या दोऱ्यानं तोंड बांधून ओळीनं बसलेल्या. हे सगळं उद्या विमानात चढणार होतं. आणि त्याच्यामागोमाग मंदाकिनीसुद्धा.

"आई, विमान पाण्यावरून जातं का हो?" तिनं थेपला उलटता उलटता विचारलं.

सासूबाई, इंदिराबाई, उंबऱ्याशी पाय पसरून मेथी निवडत होत्या. "मग काय पादरा गावावरून जाईल? मध्ये समुद्र आहे, पाण्यावरूनच जाणार."

"आणि पडलं म्हणजे?"

"पडलं म्हणजे पडलं. थेपले आहेत ना जवळ? पोहत पोहत खा."

मंदाकिनीच्या हातातलं उलथनं तिथंच थांबलं. इंदिराबाईंनी कपाळाला हात लावला.

मंदाकिनी भित्री, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. पाल दिसली की ही अंगणात. लिफ्टमध्ये पाय घालायची नाही. कारेलीबागेत डबे पोचवायला गेली तर चार मजले जिन्यानं चढायची. सासरचे पणजोबा गायकवाडी घोडदळात होते. त्यांची फेटा-मिशांची तसबीर बाहेरच्या खोलीत टांगलेली होती, आणि तसबिरीकडे बोट दाखवून इंदिराबाई म्हणायच्या, "यांनी घोड्यावर बसून नदीत उड्या टाकल्या, आणि यांची पणतसून पाण्याचा पिंप आवाज करतो म्हणून दचकते."

फक्त एका जागी मंदाकिनीला भीती शिवत नसे. चुलीपुढं. उकळत्या तेलात ती बोटाच्या टोकानं वडा सोडायची. गॅसचा भडका उडाला तर नळी बंद करून पुन्हा भाजीकडे वळायची. नवरा, संपतराव, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लेथवर होता, तो म्हणायचा, "घरात आमची मांजर, आणि चुलीपुढं वाघीण." त्या वाघिणीनं आधी डबे केले, मग लग्नाच्या पंगती केल्या, मुलाचं लग्न लावलं, नात इरा झाली तेव्हा अख्ख्या सोसायटीला जेवू घातलं. बडोद्यात कुणाला गुजराती चवीचा पण जरा दमदार स्वयंपाक हवा असला की लोक 'तरसालीवाळी मंदाबेन'चं नाव घेत.

त्या नावामुळेच हा विमानाचा घोळ झाला. कारेलीबागेतला आनंद प्रधान नोकरी सोडून सहली काढायला लागला होता. बाजार खुला झाला, पैसा आला, म्हातारेकोतारे परदेश बघायला निघाले. पण जीभ काही त्यांना घरी ठेवता येईना. म्हणून प्रत्येक सहलीबरोबर एक महाराज, म्हणजे आचारी, जायचा, पिठाच्या गोण्या आणि वघाराची, फोडणीची कढई घेऊन. ऐन वेळी महाराजांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. आनंद मंदाकिनीच्या दारात येऊन बसला. "काकू, नाही म्हणू नका. इटालीतला एकच भाग आहे, लिगुरिया. समुद्र, डोंगर, जुनी गावं. तुम्हाला काही बघायचंही नाही, फक्त रांधायचं."

'बघायचं नाही' ऐकून तिला बरं वाटलं. ती हो म्हणाली.

निघताना इंदिराबाईंनी तिला देवापाशी उभं केलं. आता चेष्टा नव्हती. "तू तिथं असताना सातम येते. चूल गार ठेव. विसरू नको."

शितळा सातम ही खरं तर खानविलकरांची नव्हे. पण गुजरातेत पिढ्या गेल्या, शेजारणींच्या पोरांबरोबर पोरं वाढली, तसं हे व्रतही घरात आलं. आदल्या दिवशी, रांधण छठीला, सगळं रांधून घ्यायचं. संध्याकाळी चूल विझवायची, धुवायची, कुंकू वाहायचं, वर कपाशीचं पान ठेवायचं. रात्री शितळा माता, देवी-कांजण्यांची देवता, घरोघर येते आणि गार चुलीत लोळून आपल्या अंगाची आग शमवते. सातमीला दिवसभर आग पेटवायची नाही, गार खायचं. कथेतली सून आळशीपणानं चूल तशीच धगधगती ठेवून झोपते. माता लोळायला येते ती पोळून निघते, आणि शाप देते: माझं अंग जळलं तसं तुझं लेकरू जळो. मग ती सून मेलेलं लेकरू टोपलीत घालून रानोमाळ मातेला शोधत हिंडते. शेवटी एका झाडाखाली केस पिंजारलेली म्हातारी भेटते. ती म्हणते, बाई, माझं डोकं फार खाजतंय, जरा बघतेस? सून तिचे केस विंचरते. तिचं डोकं थंड होतं आणि टोपलीतलं लेकरू हलतं.

मंदाकिनीनं ही कथा वर्षानुवर्षं मांडीवर पोर घेऊन ऐकली होती. ऐकताना दर वेळी तिचा हात पोराच्या पोटावर जायचा.

विमान पडलं नाही. पण त्यानंतर भिण्यासारखं इतकं निघालं की विमानाचं तिला काही वाटेनासं झालं. बस डोंगराच्या कडेनं अशी जायची की खिडकीतून खाली नुसतं पाणी. बोगद्यात शिरली की मंदाकिनी डोळे मिटून रामरक्षा म्हणायची, आणि बोगदे संपता संपत नसत. प्रवासी हौसेनं उतरायचे, किल्ले बघायचे, फोटो काढायचे. ती मागं राहून बटाटे सोलायची आणि त्यातच तिला आधार वाटायचा.

लेरिची नावाच्या गावात मुक्काम होता. खाडीच्या काठाला रंगीत घरं, वर दगडी किल्ला, खाली होड्या. हॉटेलवाल्यानं गॅस पेटवू द्यायला साफ नकार दिला. कपडे धुवायच्या खोलीतला एक कोपरा आणि विजेची शेगडी दिली. ती शेगडी मंदाकिनीला पहिल्यापासून आवडली नाही. सपाट काळी तबकडी. ज्वाळ नाही, लाली नाही, आवाज नाही. बटण फिरवलं की तापते म्हणे. तापली की नाही हे हात जवळ नेल्याखेरीज कळायचं नाही.

रांधण छठ आली तेव्हा तिनं संध्याकाळपर्यंत पुऱ्या, वडे, थेपले, गोड भात, सगळं उरकलं. सहलीतल्या तरुलताबेन मदतीला आल्या. कारेलीबागेतल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी बस त्यांना दबून असायची. त्या गुजरातीत बोलायच्या, मंदाकिनी मराठीत उत्तर द्यायची. बडोद्यात असंच चालतं. "मंदाबेन, सातम म्हणजे सातम," त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "इटाली हो के अमेरिका. उद्या चहासुद्धा नाही."

मंदाकिनीनं तबकडी पुसली, कुंकवानं साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. कपाशीचं पान कुठून आणणार? औषधाच्या पेटीतला कापसाचा एक बोळा काढून तिनं मधोमध ठेवला. हात जोडले. म्हणाली, "माते, परक्या गावात आहे. सांभाळून घे."

सकाळी ती त्या खोलीत गेली ती गार पुऱ्यांचे डबे न्यायला. सहज शेगडीकडे बघितलं. साथिया काळा पडला होता. कापसाचा बोळा तपकिरी झाला होता, चहात बुडवल्यासारखा. तिनं बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं.

तबकडी तापलेली होती. सबंध रात्र.

ती तशीच उभी राहिली. बटण बंद केलं होतं का? केलं होतं. तिला आठवत होतं, बोटांना आठवत होतं. की कालचं आठवत होतं? की परवाचं? ज्वाळ असती तर तिनं बघितली असती, विझवली असती. ज्वाळ विझवायला ती कधी चुकली नव्हती. पण या मुक्या तबकडीचं कुणी सांगावं? उलटं फिरवलं असेल. अर्धंच फिरवलं असेल. माता आली असेल. आली, आणि या काळ्या तव्यावर अंग टाकलं असेल.

तिनं बटण फिरवलं, पदरानं साथिया पुसून काढला, कापूस मुठीत चुरगाळला. आणि पहिला विचार आला तो इराचा.

आनंद बसपाशी माणसं मोजत होता. ती त्याच्याजवळ गेली. "आनंद, मला घरी फोन लावून दे."

"काकू, आत्ता? बोटीची वेळ..."

"आत्ता."

तिचं तोंड बघून त्यानं फोनचं कार्ड काढलं. तरसालीत घरी फोन नव्हता. नाक्यावर उदयसिंहरावांचा एस.टी.डी. बूथ होता, निरोप तिथंच. खूप वेळ खरखर झाली आणि मग त्यांचा नेहमीचा आवाज आला, बूथमध्ये नव्हे तर मैदानात उभे असल्यासारखा.

"हॅलो! कोण? इटालीवरून? अहो वहिनी, जोरात बोला!"

"इरा कशी आहे?" मंदाकिनी ओरडली.

"इरा? अहो, तिला घेऊन सगळे दवाखान्यात गेलेत. काल रात्रीपासून ताप चढलाय, अंगावर फोड उठलेत. संपतराव पण कामावर गेले नाहीत. तुम्ही काही..."

फोन कटला. पुन्हा लावला तर लागला नाही. आनंद म्हणाला, "काकू, संध्याकाळी लावू. ताप काय, लहान मुलांना येतोच." तिला ते ऐकू आलं, पण कुठंतरी लांबून. काल रात्रीपासून. तिच्या कानात तेवढेच शब्द राहिले.

त्या दिवशी रांधायचं नव्हतं. सगळ्या सहलीत तिला मोकळा असा हा एकच दिवस, आणि आनंदनं आधीच ठरवलं होतं की काकूंना आज सगळं दाखवायचं. नाही म्हणायचीही ताकद तिच्यात नव्हती. लोकांबरोबर ती बोटीत चढली.

बोट पोर्तोव्हेनेरेला निघाली. आयुष्यात तिनं बडोद्याच्या सुरसागर तळ्यापेक्षा मोठ्या पाण्यावर पाय ठेवला नव्हता. एरवी ती किंचाळली असती. आज ती कठडा धरून बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. बोट बुडाली असती तर? तर बरंच झालं असतं. जीव घे, माते, पण माझा घे.

"ओ मंदाबेन, गभराव नई," मागून एक काका हसले, "पाणी छे, वाघ नथी."

कुणी तरी टाळ्या वाजवल्या. पोर्तोव्हेनेरे आलं होतं. पाण्यालगत उंच घरं, एकमेकांना चिकटून, पिवळी, गुलाबी, विटकरी. त्यांच्या पुढं खडकाच्या अगदी टोकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दगडांचं देऊळ, ज्याला आनंद चर्च म्हणाला. लाटा खालून खडकावर आपटत होत्या आणि तो आवाज तिला छातीत ऐकू येत होता. देवळात अंधार आणि गारवा होता. इतका गारवा की तिला रडू फुटलं. माता इथं लोळली असती तर, असं तिच्या मनात आलं. कुणी बघू नये म्हणून ती लवकर बाहेर आली.

गल्लीत शिरल्यावर तिला बडोद्यातल्या मांडवीच्या मागच्या पोळांची, जुन्या बोळांची आठवण झाली. तेवढंच अरुंद, वरून दोरीवर कपडे, पायांत मांजरं. एका भिंतीवर खिडकी होती, अर्धी उघडी, हिरव्या झडपांची. ती वर बघत राहिली. आत कुणी हलेल म्हणून. कुणी हललं नाही. मग उन्हाची तिरीप पडली आणि तिला दिसलं की खिडकीच नाही. भिंतीवर रंगवलेली. झडपा रंगवलेल्या, झडपांची सावलीसुद्धा रंगवलेली.

"इकडं अशी पद्धत आहे, काकू," आनंद म्हणाला. "घर नीटस दिसावं म्हणून खोट्या खिडक्या काढतात."

ती दचकून मागं सरली. एवढी खरी दिसणारी खिडकी खोटी असू शकते, तर मी बटण बंद केल्याचं मला आठवतंय ते तरी कशावरून खरं?

दुपारी सगळ्यांनी बंदरावर बसून गार पुऱ्या खाल्ल्या. तरुलताबेननी हातात पुरी घेतली आणि तशीच डब्यात ठेवली. सकाळपासून त्या गप्पच होत्या. एरवी गल्लीतल्या मांजरांनाही त्यांनी शिस्त लावली असती. मंदाकिनीच्या ते लक्षात आलं नाही. तिनं स्वतःही डबा उघडला नव्हता.

मग बस डोंगरावरच्या एका लहान गावी गेली. त्या गावाचं नाव तिला कधीच नीट घेता आलं नाही. वळणं, वळणं, खाली निळी दरी, आणि वरती दगडी घरांचं गाव. भर उन्हात सगळी दारं बंद, सगळीकडे शांत. लोक वरच्या माचीवरून समुद्र बघायला गेले. मंदाकिनीला चढवेना. ती एका बोळात थांबली, भिंतीचा आधार घेऊन.

बोळाच्या टोकाला अंजिराचं झाड होतं. झाडाखाली पायरीवर एक म्हातारी बसलेली. काळा झगा, उघडे पाय. नुकतेच धुतलेले पांढरे केस उन्हात सोडलेले, चारी दिशांना पिंजारलेले. ती एका हातानं डोकं खाजवत होती.

मंदाकिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मागं पळावं असं पाय सांगत होते. पाल बघून पळणारी बाई ती; पण इरा दवाखान्यात होती. ती पुढं गेली. एकेक पाऊल टाकत म्हातारीच्या समोर गेली, वाकली आणि तिच्या पायांना हात लावला.

म्हातारी काहीतरी म्हणाली, आश्चर्यानं, बहुतेक "काय झालं बाई?" असंच. मंदाकिनीनं पिशवीतून आपली फणी काढली. तिच्या मागच्या पायरीवर बसली. तिनं म्हातारीचे केस हातात घेतले आणि हळूहळू विंचरायला लागली, टोकाकडून वर, गुंता ओढू न देता, इराचे विंचरते तशी.

म्हातारीनं आधी मान फिरवून बघितलं. मग खांदे उडवले. मग तिनं डोळे मिटले आणि मान सैल सोडली.

"थंड हो," मंदाकिनी पुटपुटत होती. "थंड हो, माते. मी मुद्दाम नाही केलं. पोरीला सोड."

"मंदाबेन!"

तरुलताबेन बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्याही वर गेल्या नव्हत्या. त्यांनी म्हातारीकडे बघितलं, फणीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गुजरातेतली कुठलीही बाई सातमीच्या दिवशी परक्या म्हातारीचे केस विंचरताना दिसली, तर तिच्या घरी काय झालंय हे दुसऱ्या गुजराती बाईला विचारावं लागत नाही.

"चूल गरम होती," त्या म्हणाल्या. विचारलं नाही; म्हणाल्या.

मंदाकिनीनं मान हलवली. "माझी इरा..." तिनं फणी घट्ट धरली. "अंगावर फोड उठलेत. रात्रीपासून."

तरुलताबेन भिंतीला टेकल्या. एवढी धिप्पाड बाई, पण क्षणात लहान झाली. "ते तुम्ही नाही केलं. मी केलं."

"काय?"

"रात्री गुडघे फार दुखत होते. शेकायच्या पिशवीत पाणी हवं होतं. तुमच्या रांधायच्या खोलीत गेले. त्या काळ्या चकतीवर आपण साथिया काढलाय, कापूस ठेवलाय, हे अंधारात दिसलंच नाही मला. भांडं ठेवलं, पाणी तापलं, भांडं उचललं, बटण फिरवलं. कुठं फिरवलं देव जाणे. सकाळी तुम्ही तिथं उभ्या होतात, मी दारातून बघितलं. तुम्ही कुंकू पुसत होतात. मला तोंडच उघडेना."

फणी म्हातारीच्या केसांत अडकली. मंदाकिनी उठून उभी राहिली. चुलीपुढं नसतानाही आयुष्यात प्रथम तिला भीती वाटली नाही. त्याहून वाईट काहीतरी वाटलं.

"तुमच्या गुडघ्यांपायी?" ती म्हणाली. आवाज तिचा तिला ओळखू येईना. "चहासुद्धा नाही म्हणून अख्ख्या बसला सांगत होतात. आणि तुमच्या गुडघ्यांपायी माझी पोर?"

"माझीपण आहे!" तरुलताबेन एकदम रडायला लागल्या. "माझी नात सानवी आहे घरी. सकाळपासून मी फोन केला नाही. करायची हिंमतच होत नाही. काय सांगतील कुणास ठाऊक. तुमची इरा... माता चुकून तुमच्या घरी गेली असेल. माझं घर तिला सापडलं नसेल. आता सापडेल."

बोळात फक्त झाडावरच्या किड्यांचा आवाज होता. म्हातारी आळीपाळीनं दोघींकडे बघत होती. भांडण कशाचं हे तिला कळायचं कारण नव्हतं, पण रडणं कळत होतं. तिनं हात वर करून झाडाची फांदी खाली ओढली, पिकलेली अंजिरं तोडली आणि एकेक करून दोघींच्या हातात ठेवली. मग केसांत अडकलेल्या फणीकडे बोट दाखवून मंदाकिनीला काहीतरी म्हणाली. अर्थ स्पष्ट होता: अर्धंच ठेवलंस की.

मंदाकिनीनं अंजीर बाजूला ठेवलं. खाली बसली. थोड्या वेळानं सरकली आणि पायरीवर जागा केली. तरुलताबेन कण्हत कण्हत तिच्याशेजारी बसल्या. म्हातारीचे केस दोघींनी वाटून घेतले. एका बाजूला मंदाकिनीची फणी, दुसऱ्या बाजूला तरुलताबेनची बोटं. शेवटी एक घट्ट पांढरी वेणी झाली. म्हातारीनं ती पुढं घेऊन बघितली आणि दात नसलेल्या तोंडानं खूप हसली.

अंजिरं दोघींनी बसमध्ये खाल्ली. झाडाच्या सावलीतली, गार. सातमीला चालणारी.

संध्याकाळी बंदरावरच्या फोनशी दोघी उभ्या राहिल्या. आधी तरुलताबेननी कारेलीबागेला फोन लावला, दोन शब्द बोलल्या, "सानवी रमे छे?" आणि ती खेळतेय हे ऐकून डोळे पुसत बाजूला झाल्या. मंदाकिनीनं बूथचा नंबर फिरवला. या वेळी उदयसिंहरावांच्या मागं माणसं उभी होती. फोनची वाट बघत सगळं घरच तिथं बसलं होतं. इंदिराबाईंनी फोन हिसकावून घेतलेला ऐकू आला.

"मंदा? कांजण्या आहेत. ताप आहे अजून. डोक्यात गेलाय जरा, बडबडते. तुझंच नाव घेते. डॉक्टर म्हणतो, उतरेल. हा रोग दोन आठवड्यांपूर्वीच अंगात शिरलेला असतो म्हणे."

मंदाकिनीनं फोन दोन्ही हातांनी धरला. "आई, चूल गार होती?"

"म्हणजे?"

"आपली. घरची. काल रात्री."

इंदिराबाई मूर्ख नव्हत्या. "तिकडं गरम राहिली का गं?"

मंदाकिनीनं कपाळ फोनच्या पेटीला टेकलं.

"ऐक," इंदिराबाई म्हणाल्या. "आपली चूल मी माझ्या हातानं धुतली. पान ठेवलं. सकाळी पान ओलं होतं. माता येते ती आपल्या घरी येते, जिथं तिला ओळखतात तिथं. ती काय तुझ्यामागं विमानात बसून जाईल? तुझ्यासारखी भित्री असेल तर अजिबातच नाही." मग आवाज जरा उतरला. "पण नवस बोल. बोलून ठेवलेला बरा."

मंदाकिनी हसली, आणि हसता हसता तिचे दात वाजले. कारण इराचा ताप अजून उतरला नव्हता.

उरलेले दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. ती काळी तबकडी लावायची, पळी फिरवायची, आणि वाघीण कुठं गेली कुणास ठाऊक, वघार टाकताना आता तिचे डोळे आपोआप मिटायचे. दर वेळी बटण बंद करून ती परत येऊन बघायची, पुन्हा येऊन बघायची. तरुलताबेन दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बंद छे. मी पण बघितलं." रोज रात्री झोपण्याआधी दोघी मिळून त्या थंड तबकडीला हात लावून बघायच्या, एकीचा विश्वास दुसरीला पुरत नसे म्हणून.

बडोद्याला पोचली तेव्हा पाऊस पडून गेला होता आणि तरसालीच्या रस्त्यावर डबकी होती. रिक्षातून उतरून ती बॅग तशीच अंगणात टाकून आत धावली. इरा पलंगावर बसून थाळी वाजवत होती. अंगभर खपल्या, चेहऱ्यावर कडुलिंबाचा लेप, आणि ताप नाही. ताप उतरून दोन दिवस झाले होते. इरानं आजीकडे बघितलं, ओळखलं की नाही कळेना, आणि थाळी पुढं केली: वाजव.

मंदाकिनीनं तिच्या कपाळाला हात लावला. गार. पुन्हा लावला. गार.

"अगं, पोरीला घे तरी," इंदिराबाई म्हणाल्या.

पण मंदाकिनी आधी स्वयंपाकघरात गेली. ओट्यापाशी उभी राहिली. गॅसच्या बर्नरवर हाताचा मागचा भाग ठेवला. थंड होता. शेजारच्या बर्नरवर ठेवला. तोही थंड. ओट्याच्या कोपऱ्यात सातमीचं कपाशीचं पान अजून होतं, सुकलेलं, कडा वळलेल्या. इंदिराबाईंनी तिच्यासाठीच ठेवलं असावं.

"चहा टाकतेस का मी टाकू?" बाहेरून इंदिराबाईंनी विचारलं. "दूधही तापवायचंय, आलंय कधीचं."

"टाकते," मंदाकिनी म्हणाली.

काडी हातात घेतली. पहिली काडी विझली, दुसरी विझली. मग तिनं पदर खोचला, गॅसचं बटण सोडलं आणि काडी जवळ नेली. निळी ज्वाळ फुलून उभी राहिली. दिसणारी, आवाज करणारी, तिच्या ओळखीची. तिनं दुधाचं पातेलं वर ठेवलं आणि उतू जाऊ नये म्हणून तिथंच उभी राहिली.